आयर्लंडमधल्या सेशनमध्ये बासरी घेऊन बसू का?

काठावरची

नमस्कार मंडळी. आयर्लंडमध्ये, काउंटी क्लेअरमधल्या एनिसला येऊन नऊ महिने झाले. नर्स आहे. ओळखी आहेत त्या वॉर्डापुरत्या, ड्युटी संपली की संपल्या. घरापासून चार मिनिटांवर एक पब आहे. तिथे दर मंगळवारी आठ-दहा जण गोल बसून वाजवतात: दोन फिडल (म्हणजे व्हायोलिन), कॉन्सर्टिना (हातात मावणारी छोटी पेटी), बँजो, एक लाकडी आडवी बासरी. यालाच इथे सेशन म्हणतात. स्टेज नाही, माइक नाही, टाळ्यासुद्धा धड कुणी वाजवत नाही. मी पाच मंगळवार भिंतीला टेकून नुसती ऐकत बसले आहे.

मी अकरा वर्षं बासरी शिकले, आपलं रागसंगीत. बासरी पिशवीत असते, पण पिशवीची चेन काही उघडत नाही. आपली बासरी तिथे चालेल का? विचारायचं कुणाला? सरळ जाऊन बसलं तर आगाऊपणा होईल का? की ऐकणारीच बरी?

खटखट्या

ताई, आधी माझी फजिती ऐका, मग ठरवा.

मी गॉलवेमध्ये राहतो. तबला वाजवायचो. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा सेशनला गेलो तो थेट तबला-डग्गा घेऊन. चुंबळी मांडल्या, बाकावर दोन माणसांची जागा अडवली आणि तबला पांढरी दोनला, म्हणजे त्यांच्या डीला, लावायला घेतला, कारण तिथलं बरंचसं संगीत त्याच पट्टीत चालतं एवढं वाचून गेलो होतो. नेमकं तेव्हाच एका बाईंनी फिडलवर स्लो एअर सुरू केलं. स्लो एअर म्हणजे साधारण आपल्या आलापीसारखं, ताल नाही, एकटा माणूस वाजवतो आणि बाकी सगळे ग्लाससुद्धा खाली ठेवत नाहीत. आणि मी हातोडीने गठ्ठे ठोकतोय. खट, खट. माझ्या आयडीचा उगम तो.

पुढे जिग, म्हणजे त्यांची एक नाचाची धून, सुरू झाली. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. मी म्हटलं हा तर आपला दादरा! धा धी ना, धा ती ना सुरू केलं आणि दुसऱ्या आवर्तनापासून लग्गी, म्हणजे दुगुनीतली भरगच्च वाजवणी. फिडलवाल्या बाईंनी खुर्ची जराशी पलीकडे वळवली. बस, एवढंच. कुणी एक अक्षर बोललं नाही. धून संपल्यावर बुझुकीवाला (बुझुकी म्हणजे लांब मानेचं तारवाद्य) हसून म्हणाला, "ग्रँड ड्रम्स आहेत हां तुझे." मी खूश. मग सगळे बाहेर सिगरेट ओढायला गेले, सगळे म्हणजे न ओढणारेही. मला घरी पोचल्यावर उमगलं.

चूक कुठे होती ते कळायला वर्ष लागलं. जिगमध्ये तिनातला पहिला स्वर किंचित रेंगाळतो, दुसरा चटकन जातो. मी तीनही सारखे मोजून विटा रचल्यासारखा ठोकत होतो. आणि मुळात त्या वर्तुळात साथ नावाचं खातं फार लहान असतं. सगळे मिळून एकच धून वाजवतात, आळीपाळीने पुढे येणं नाही. त्यांचं चर्मवाद्य म्हणजे बाउरॉन. तोही एका वेळी एकच असावा असा संकेत आहे. दुसरा आला तर तो मांडीवर ठेवून बसतो. मी तर एकटाच दोन घेऊन गेलो होतो.

मग टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी उभी बासरी, घेतली, डी पट्टीची, आणि शून्यापासून लागलो. धूनेची घडण कळली की धीर येतो: आठ बारचा (बार म्हणजे तालाचा एक खंड) पहिला भाग दोनदा, आठचा दुसरा भाग दोनदा, असे बत्तीस. रील म्हणजे जिगसारखीच नाचाची, पण चार मात्रांची जलद धून; तिच्या वेगात हे अर्ध्या मिनिटात संपतं. ते दोन-तीन वेळा वाजवतात आणि न थांबता दुसऱ्या धूनेत उडी मारतात. दोन-तीन धुना मिळून एक सेट. उडीच्या आधी कुणीतरी भुवई उचलतं नाहीतर "हप्!" म्हणतं, तेवढीच सूचना. कागद समोर ठेवायची पद्धत नाही.

आमच्याकडे बॉक्स वाजवणारे, म्हणजे बटणांचं अकॉर्डियन, एक आजोबा होते. ते मला आठवड्याला एक धून द्यायचे. सेशनच्या आधी वीस मिनिटं, हळू, आधी पहिला भाग, तो आला की दुसरा. नाव विचारलं तर म्हणायचे, नाव नाही ठाऊक, पण ही अमक्याकडून घेतली, त्याने ती त्याच्या मावशीकडून. हे मात्र मला फार ओळखीचं वाटलं.

आता तुमचा खरा प्रश्न, ते आपल्याला त्यांच्यात धरतील का. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मी एका रीलच्या दुसऱ्या भागात पळत होतो, म्हणजे लय वाढवत होतो. सेट संपल्यावर त्याच फिडलवाल्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पळतोयस तू. दर वेळी तिथेच पळतोस. माझ्या पायाकडे बघ." आणि पुन्हा तीच रील वाजवायला लावली. तोवर दीड वर्ष मला सगळे "लव्हली" आणि "ग्रँड"च म्हणत होते. त्या रात्री पावसात चालत घरी गेलो आणि बायकोला झोपेतून उठवून सांगितलं, आज मला ओरडा बसला.

तबल्याचं काय झालं? आहे. तीन वर्षांनी त्यांनीच आणायला सांगितला. रात्रीतून एखाद्या सेटला वाजवतो, बहुतेक बोटांनीच. लावून नेतो, घरून.

फुंकर

बासरीवाल्यांसाठी एक गंमत. तुमच्याकडे पांढरी पाचची बासरी आहे का? तिची सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम (खालचा प), म्हणजे त्यांचा डी. तिथून एकेक बोट उचलत गेलात की डी व्हिसलचीच सप्तक ओळ येते, बोटंही तीच. सगळी उघडी म्हणजे आपला तीव्र मध्यम, त्यांचा सी शार्प. जी पट्टीच्या धुनांना सी नॅचरल लागतो, तो आपण शुद्ध मध्यमासाठी अर्धं भोक झाकतो तसाच. त्यांचा "कट" म्हणजे जवळपास आपला कणस्वर, फक्त जास्त तुटक. मींड मात्र घरी ठेवा. मी सुरुवातीला प्रत्येक स्वर ओढायचे, माझी रील ओल्या कपड्यासारखी लोंबायची.

अडचण एकच, खालच्या सप्तकात ही बासरी दोन फिडलांपुढे ऐकूच येत नाही. शिकत असताना ती सोयच आहे म्हणा.

सहज आलो

थोडा उलटा सूर लावतो. मी दुसऱ्या एका गावात चार वर्षं सेशनला जात होतो. माणसं चांगली, संगीत सुंदर, पण मंगळवारचे मित्र मंगळवारपुरतेच राहिले. घर बदलताना सोफा उचलायला ऑफिसातला पोलिश सहकारी आला, वर्तुळातलं कुणी नाही. तेव्हा वाजवायला जरूर जा, फक्त एकटेपणाचा सगळा बोजा एका संध्याकाळवर टाकू नका.

खटखट्या

@सहज आलो, खरं आहे. पण एक विचारू का, तुम्ही वाजवून झालं की लगेच निघायचात का? सेट पाच मिनिटांचा आणि मधल्या गप्पा दहा मिनिटांच्या, असा आमच्याकडचा हिशेब आहे. कुणाची गाय व्यायली, कुणाचा गुडघा बदलला, सगळं त्या दहा मिनिटांत कळतं. मी पहिलं वर्षभर त्या वेळात फोनमध्ये धुना शोधायचो. सोफ्याला मलाही कुणी आलं नसतं.

ताई, तुमच्यासाठी: वर्तुळातल्या काही खुर्च्या ठरलेल्या असतात, रिकामी दिसली तरी विचारून बसा. रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा, बहुतेक हो म्हणतात. "स्लो सेशन", म्हणजे शिकणाऱ्यांसाठी हळू वाजवायचं सेशन, कुठे भरतं ते वाजवणाऱ्यांनाच विचारा, किंवा कोल्तसच्या स्थानिक शाखेत. आयरिश पारंपरिक संगीत जपणारी आणि शिकवणारी ही संस्था 1951 पासून आहे. आणि तुम्ही क्लेअरमध्ये आहात, जुलैची रजा आत्ताच टाका! मिलटाउन मालबेला विली क्लॅन्सी समर स्कूल, म्हणजे पारंपरिक संगीताचं शिबिर, भरतं, 1973 पासून. आठवडाभर सकाळी वर्ग, नंतर गावभर सेशनं. नवशिक्यांना तिथे कुणी हसत नाही, कारण निम्मे तेच असतात.

काठावरची

सगळ्यांचे आभार. पांढरी पाच आहे, पण माळ्यावरच्या बॅगेत, कारण रोजची माझी पांढरी तीन. काल उतरवली, तेल लावलं.

काल मंगळवारच होता. कॉन्सर्टिनावाल्या काकूंना विचारलं, इथे बसू का. त्या म्हणाल्या ती नको, ती अमक्याची, ही घे, आणि खुर्चीवरचा स्वतःचा कोट उचलला. बासरी काढली नाही. मांडीवर ठेवून नुसती बोटं फिरवत होते. एका जिगचा पहिला भाग बोटांत आला, दुसरा नाही. मध्ये त्यांनी विचारलं कुठल्या वॉर्डात असतेस, कारण त्यांच्या भावाचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे.

जिगचा दुसरा भाग कुणाला ठाऊक असेल तर सांगा म्हणणार होते, पण नाव विचारायचं राहिलं. आणि खटखट्या, तुमच्या बायकोने पुढे काय म्हटलं?

खटखट्या

म्हणाली, बरं झालं, दिवा घालव.