शब्दचर्चा : ‘टूल वेअर’ला नुसती ‘झीज’ पुरते का?

विचारणा
वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर (धातू फिरवत ठेवून कापायच्या यंत्रावर) नव्याने येणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय. काही मुलं बांदा-सावंतवाडीहून रोज ये-जा करणारी, काही फोंडा-डिचोलीची. ‘टूल वेअर’ला मी ‘अवजाराची झीज’ लिहिलं. आमचे जुने मेस्त्री वाचून म्हणाले, “बाई, नुसतं झीज म्हटलं तर मुलाला काय कळणार?” काय लिहू?

उत्तर
मेस्त्रींचं बरोबर आहे. झिजतं ते सहाणेवरचं चंदनाचं खोड: हळूहळू, घासून, सारखं. इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवायच्या, बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याची) जी बाजू जॉबला, म्हणजे कापायच्या धातूला, घासते तिच्यावर धारेलगत चकचकीत पट्टा पडतो, त्याला ‘झीज’ चपखल बसते. हा पट्टा साधारण 0.3 मि.मी. रुंद झाला की धार बदलायची, असा रूढ निकष आहे. वरच्या बाजूला मात्र, जिथून तापलेली चिप (कापून निघणारा धातूचा किस) घसरत जाते, तिथे खळगा पडतो. तिथे घासण्याच्या जोडीला उष्णतेने कार्बाइडमधले (इन्सर्ट ज्या कठीण पदार्थाचा असतो त्यातले) घटक चिपमध्ये उतरत जातात. कीवे (लांबट खोबण) असलेल्या शाफ्टवर धक्के खाऊन कोपरा उडतो, तो टवका. या तिघांना एकच शब्द कसा चालेल?

हे मी चूक करूनच शिकलो. रात्रपाळीच्या वहीत ‘टूल गेलं’ एवढंच लिहिलेलं होतं. ते वाचून मी स्पीड (कापण्याचा वेग) उतरवला, तर पुढचा इन्सर्ट आणखी लवकर गेला. भिंगाखाली धरला तेव्हा धारेवर पोलादाचा थर चिकटलेला दिसला; थर सुटताना धारेचे कण उपटून नेत होता. स्पीड मुळातच कमी होता आणि मी तो आणखी पाडला. वहीत ‘मटेरियल चिकटतंय’ असतं तर मी तो वाढवला असता.

विचारणा
मग ‘स्पीड वाढला की टूलचं आयुष्य घटतं’ हे वाक्य काढून टाकू?

उत्तर
अजिबात नको. अमेरिकन अभियंता टेलरने 1907 मध्ये स्पीड आणि आयुष्य यांचं सूत्र मांडलं ते याचंच. कार्बाइडला त्यातला घातांक 0.25 धरला, तर स्पीड 20 टक्के वाढवल्यावर आयुष्य निम्म्यावर येतं आणि दुप्पट केल्यावर सोळाव्या हिश्शावर. फीडचा (जॉबच्या एका फेऱ्यात टूल जितकं पुढे सरकतं त्याचा) परिणाम याहून कमी, कटच्या खोलीचा सगळ्यांत कमी. म्हणून माल जास्त काढायचा तर आधी कटची खोली वाढवायची, मग फीड, स्पीड शेवटी. ‘चिकटत नसेल तर’ एवढी अट मात्र त्या वाक्याला जोडा.

आणि ‘टूलचं’ऐवजी ‘धारेचं आयुष्य’ लिहा. एका इन्सर्टला बहुधा एकाहून जास्त धारा असतात, आणि आयुष्य मोजायचं ते एका धारेच्या प्रत्यक्ष कापण्याच्या मिनिटांत. नवी मुलं मशीन चालू असल्याचे तास धरतात.

विचारणा
वहीत आता झीज, खळगा, टवका, चिकटणं असे चार रकाने आखलेत. एक राहिलं: कटची खोली जिथे संपते, नेमक्या त्या रेषेवर धारेला घर पडतं. विशेषतः स्टेनलेसवर.

उत्तर
‘खाच’. पाचवा रकाना आखा. स्टेनलेसवर प्रत्येक पासला (कापण्याच्या फेरीला) कटची खोली थोडी बदलत राहा, म्हणजे एकाच जागी खाच पडणार नाही.