प्रति: प्रो टूल्स १० वरून पुढं जावं का?

प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या नवीन व्हर्जनमध्ये जुनी सेशन्स, म्हणजे गाण्यांच्या प्रोजेक्ट फाइली, उघडतील का, असं विचारलंय. उघडतात हो, पण प्लगिन, म्हणजे आवाजावर इफेक्ट देणारे जोड-प्रोग्राम, गप्प बसतात. २०१३ साली ११ आलं तेव्हापासून ३२ बिटचे आरटीएएस या जुन्या प्रकारचे प्लगिन बंद, फक्त ६४ बिटचे एएएक्स प्रकारचे चालतात.

मला अपग्रेडची हौस आली ती ऐन डिसेंबरात, गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वरांची जत्रा, तोंडावर असताना. सिद्धेश्वरांच्या गाण्याचं सेशन उघडलं तर हलगीच्या ट्रॅकवरचे कॉम्प्रेसर, ईक्यू हे आवाज घडवणारे प्लगिन सगळे करडे, म्हणजे बंद. जाळावर शेकून घेतलेली ती हलगी नुसती पत्र्यासारखी कडाडत होती. सेटिंग कुठं लिहून ठेवलेली? कुठंच नाही. चूक माझीच. नशीब, १० काढून टाकलं नव्हतं. १० आणि ११ एका मशीनवर नांदतात.

म्हणून आधी जुन्यातच प्रत्येक ट्रॅक इफेक्टसकट नव्या ट्रॅकवर छापून, म्हणजे रेकॉर्ड करून, घ्या, सगळे सेशनच्या सुरुवातीपासून. कंटाळवाणं आहे, पण करा.

११ चा फायदा म्हणाल तर ऑफलाइन बाऊन्स, म्हणजे गाणं पूर्ण वाजू न देता त्याची अंतिम फाइल काढणं. १० मध्ये सात मिनिटांचं भजन बाऊन्स करायला सात मिनिटं बसायचं, आणि सहाव्या मिनिटाला लाईट गेली की परत पहिल्यापासून. नुसत्या तेवढ्यासाठी मी पैसे मोजले असते.