तिसरी ते पाचवीच्या फुटबॉल स्पर्धेत बाद पद्धत असावी का?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचा संघ यंदा अमरावती येथे झालेल्या पाच-पाच खेळाडूंच्या विभागीय फुटबॉल स्पर्धेत उतरला होता. स्पर्धा तिसरी ते पाचवीच्या मुलामुलींसाठी, सोळा शाळांची आणि सरळ बाद पद्धतीची होती. पहिलाच सामना आमचा संघ ३-२ असा हरला आणि आमची स्पर्धा तेथेच संपली. हरल्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. समोरचा संघ सरस होता. माझी हरकत निराळी आहे. आठ जणांच्या संघातील तीन मुले सामनाभर रेषेबाहेर बसून राहिली. त्यांतील एकाने मोठ्या मापाची जर्सी कमरेशी गाठ मारून आवळली होती आणि शेवटची शिटी होईपर्यंत तो त्या गाठीशी चाळा करत सरांच्या तोंडाकडे पाहत होता. पहाटे अंधारात गाव सोडलेल्या या मुलाचा पाय दिवसभरात एकदाही चेंडूला लागला नाही.

लहान मैदानावर कमी खेळाडूंनी खेळण्याची पद्धत लहान मुलांसाठी मुळात का स्वीकारली गेली? अकरा-अकराच्या सामन्यात एक चेंडू बावीस जणांत फिरतो, येथे तो दहा जणांत फिरतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तो अधिक वेळा येतो. हे कारण मान्य असेल, तर तीन मुलांच्या वाट्याला तो शून्य वेळा येतो अशी स्पर्धा भरवणे विसंगत ठरते. फुटबॉलमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी पुढे असलेल्या देशांनी याचा विचार केलेला आहे. इंग्लंडमध्ये अकरा वर्षांखालील गटापर्यंत गुणतक्ते प्रसिद्ध केले जात नाहीत. नॉर्वेत मूल अकरा वर्षांचे होईल त्या वर्षापासूनच निकाल आणि क्रमवारी लावता येते, आणि अजिंक्यपदाच्या स्पर्धा ते तेरा वर्षांचे होईल त्या वर्षापासून. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांसाठी छोट्या गोलांचे, तीन-तीन मुलांचे, गुणतक्त्याविना सामने लागू केले.

माझे म्हणणे असे आहे की, या वयोगटासाठी बाद पद्धत बंद करावी, प्रत्येक शाळेला किमान तीन सामने मिळावेत, नोंदवलेल्या प्रत्येक मुलाने निदान निम्मा वेळ खेळलेच पाहिजे असा नियम असावा, आणि शक्य असल्यास विजेत्या संघाला ढालही देऊ नये. विरोधी मते अवश्य मांडावीत.

दोनशिक्षकी

मी अशाच एका शाळेवर शिक्षक आहे. आपला संघ माझा नव्हे. परंतु आपण ज्यांच्या तोंडाकडे मूल पाहत होते असे लिहिले, त्या सरांच्या जागी मी उभा राहिलेलो आहे, म्हणून त्यांची बाजू मांडतो.

नॉर्वेचा दाखला येथे उपयोगाचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभरावर पट असल्यास आहे. पहिली ते पाचवीला असे पदच नाही. म्हणजे जो शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र बसवून भाषा आणि गणित शिकवतो, ऑनलाइन माहिती भरतो, मतदार यादीचे काम करतो, तोच शाळा सुटल्यावर फक्कीने मैदान आखतो आणि विटा ठेवून गोल तयार करतो. खेळाच्या साहित्यासाठी समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये मिळतात. त्यात चेंडू, दोऱ्या, रिंगा, सारेच आले. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा शासनाने शाळांना फुटबॉल दिले होते आणि १५ सप्टेंबरला राज्यभर मुलांना खेळवले होते. आमच्या मैदानाच्या कडेला बाभळी आहेत. बाभळीचा काटा फुटबॉलचे काय करतो ते निराळे सांगायला नको.

आता ढालीविषयी. गावात रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी बस येते आणि दरवर्षी आमच्या पटातून चार-दोन नावे कमी करून जाते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा २०२३ मध्ये शासन स्तरावरच सुरू झाली होती. अशा शाळेच्या वऱ्हांड्यात एखादी ढाल असणे, वर्तमानपत्रात मुलांचे छायाचित्र येणे आणि ते पाहून एखाद्या पालकाने आपले मूल ठेवून घेणे, याचे मोल ज्यांच्या शाळा भरलेल्या आहेत त्यांना कळणार नाही. सामना एका गोलाच्या फरकाने चाललेला असताना त्या सरांनी राखीव मुलाला उतरवले नाही, याला मी अन्याय म्हणणार नाही.

झाडीपट्टीकर

दोघांचेही वाचले. माझा मूलभूत प्रश्न असा की फुटबॉलच कशासाठी? खो-खोत एका संघाचे नऊ जण एकाच वेळी मैदानात असतात, कबड्डीत सात, आणि लंगडीला तर रिकाम्या अंगणापलीकडे काही लागत नाही. केंद्रापासून (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटापासून) जिल्ह्यापर्यंतचे क्रीडा महोत्सव याच खेळांवर चालतात. ज्या अमरावतीला आपण फुटबॉलसाठी मुले नेली, तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि तेथील चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. आठ मुले आणि पाच जागा ही अडचण आपणच विकत घेतलेली आहे.

पैनगंगाकाठ

झाडीपट्टीकर, खो-खोवर माझा राग नाही. परंतु मुले सुटीत काय खेळतात ते पाहावे. तीही आपलीच मुले आहेत. शिवाय खो-खोतही बारा-पंधरा जणांच्या संघातील काही जण बाहेर बसतातच, तेव्हा प्रश्न तोच राहतो.

दोनशिक्षकी सर, आपल्या कामाच्या ओझ्याबद्दल दुमत नाही. मात्र आपल्याच म्हणण्यातून निघणारी गोष्ट अशी की, शाळा टिकवण्याचा भार आपण नऊ वर्षांच्या मुलांच्या पायांवर टाकत आहोत. सोळा शाळा उतरल्या, ढाल एकीलाच मिळाली. उरलेल्या पंधरा शाळांच्या पटाचे काय? आणि त्या सरांना मीही दोष देत नाही. एक हरलो की घरी, असा नियम असताना कोणताही शिक्षक तेच करील. म्हणूनच मी नियमाविषयी बोलत आहे.

मैदानवाली

मी नागपुरात लहान मुलांना फुटबॉल शिकवते. दोन्ही बाजूंनी सुटलेला एक मुद्दा आधी सांगते. तिसरी ते पाचवीचा गट म्हणजे साधारण आठ ते अकरा वर्षे. या वयात एका वर्षाच्या अंतराने उंची, वजन आणि धावण्याचा वेग यांत मोठा फरक पडतो. एकाच इयत्तेतसुद्धा वर्षाच्या आरंभी जन्मलेले मूल आणि अखेरीस जन्मलेले मूल यांच्यात जवळजवळ वर्षाचे अंतर असते. जिंकायचेच असेल तर शिक्षक मोठी मुले निवडतो. निवडलेली मुले अधिक खेळतात, म्हणून अधिक शिकतात, आणि दोन वर्षांनी आपण म्हणतो की त्यांच्यात उपजतच गुण होते. रेषेबाहेर बसलेले मूल कदाचित केवळ नोव्हेंबरात जन्मलेले असेल. त्यामुळे किमान वेळेच्या नियमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा असेल तर तो पाळणे अवघड नाही. दर चार-पाच मिनिटांनी दोन मुले बदलायची, एवढेच.

आयोजक नेहमी सांगतात की साखळी सामन्यांना, म्हणजे गटातील प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी खेळतो अशा पद्धतीला, वेळ पुरत नाही. हा हिशेब एकदा मांडून पाहू. सोळा संघांची बाद स्पर्धा पंधरा सामन्यांत संपते. चार-चार संघांचे चार गट केले तर गटातील सामने चोवीस होतात, उपांत्य आणि अंतिम धरून सत्तावीस. सामने वाढतात हे खरे. परंतु पूर्ण आकाराच्या एका मैदानाचे चार भाग केले, तर प्रत्येक भागात सुमारे चाळीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद असे मैदान सहज बसते आणि चार सामने एकाच वेळी चालतात. बारा मिनिटांचा सामना, मध्ये तीन मिनिटे, असे धरले तर चोवीस सामने सहा फेऱ्यांत, म्हणजे दीड तासात होतात. प्रत्येक शाळेला छत्तीस मिनिटांचा खेळ मिळतो. आपला संघ किती वेळ खेळला?

पंच कमी पडतील ही शंका रास्त आहे. जर्मनीतील लहान गटांत पंचाविना सामने खेळवतात आणि चेंडू कोणाचा हे मुलेच ठरवतात. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी जमले नाही, भांडणेच अधिक झाली. पुढे जमू लागले. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेले झोपडपट्टी फुटबॉलही कमी माणसांत, मिळेल त्या जागेवर खेळायचे म्हणूनच वाढले. त्यासाठी फार मोठी व्यवस्था लागत नाही.

ढाल मात्र असावी असे मला वाटते. गट साखळीनंतर चार संघांनी उपांत्य सामने खेळले तर कोणाचे बिघडत नाही.

पांढरी शिटी

मी तालुका स्तरावर पंच म्हणून उभा राहतो आणि या संपूर्ण सुरास माझा विरोध आहे. निम्मा वेळ प्रत्येकाला द्यायचा, हे ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात ज्या शाळेत सराव झालेलाच नाही तेथील मुले उतरतात, समोरून एकामागून एक गोल होतात, प्रेक्षक हसू लागतात आणि गोलरक्षक रडत बाहेर येतो. ०-९ अशी हार तीनदा पदरी घेण्यापेक्षा २-३ अशी एकच हार मुलाला अधिक झेपते. गुणतक्ता लावला नाही तरी मुले गोल मोजतातच. परतीच्या गाडीत त्यांना विचारून पाहावे, कोणी किती केले ते तोंडपाठ असते.

दुसरे असे की, चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांवर हरलेला संघ बादच होतो. तेथे कोणी निम्म्या वेळेचा नियम लावणार नाही. त्याची सवय आपल्या मुलांना करायची नाही, तर ती कोणाच्या मुलांना लागणार? शहरातील अकादमीत पैसे भरणाऱ्यांच्याच.

वेचणीवाली आई

राखीव बसलेल्या तिघांत माझी मुलगी होती. धागाकर्त्यांनी मुलाचे लिहिले, तिचे लिहिले नाही, म्हणून मी लिहिते.

संघात मुली दोन होत्या आणि दोघीही राखीव होत्या. नियमानुसार मुलामुलींचा संघ मिळून होता, त्यामुळे कागदावर सर्व ठीक होते. त्या दिवशी मी कापूस वेचायला न जाता तिच्यासोबत गेले, म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. पैशाचे मी बोलत नाही. पण तिच्या वडिलांनी संध्याकाळी विचारले की काय खेळली, तेव्हा ती मला म्हणाली की तूच सांग. पंच साहेब म्हणतात की मोठ्या हारीने मूल रडते. माझी मुलगी हारीने रडली नाही. पुढच्या वर्षी ती पाचवीला जाईल आणि सर पुन्हा नेतो म्हणाले तर घरून होकार मिळवणे मला कठीण जाणार आहे, हे मी आत्ताच सांगते.

ढाल नको हे मात्र मला पटत नाही. तिला ढाल हवी आहे. तिला ती खेळून हवी आहे.

दोनशिक्षकी

ताई, आपल्या पोस्टनंतर मी माझ्या शाळेच्या गेल्या वर्षीच्या संघाची यादी काढून पाहिली. तपशील येथे देत नाही. मुलींच्या बाबतीत आपले म्हणणे खोडता येणार नाही, एवढेच लिहितो.

पंच महोदयांच्या एका मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. चौदा वर्षांखालील स्पर्धेची सवय लागली पाहिजे. फक्त ती चौथीत लागावी की सातवीत, यावर वाद होऊ शकतो, आणि मैदानवाली ताईंचा हिशेब पाहिल्यावर वेळ पुरत नाही ही सबब मला यापुढे देता येणार नाही.

धागाकर्त्यांना व्यवहाराचे सांगतो. एकट्या पालकाच्या पत्राला आयोजक पोच देतील, उत्तर देणार नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्यावा. समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात आणि निम्म्या महिला असणे कायद्यानेच बंधनकारक आहे, म्हणजे वेचणीवाल्या ताईंचे म्हणणे तेथे त्यांच्याच तोंडून नोंदवता येईल. आसपासच्या चार-पाच शाळांचे असेच ठराव सोबत जोडले आणि पुढील स्पर्धेची नियमावली छापण्यापूर्वी दिले, तर त्याचा विचार करावाच लागेल. ठरावात गट साखळी घाला, किमान वेळेचा नियम घाला, मैदानात एक तरी मुलगी सतत असावी हेही घाला. माझ्या शाळेचा ठराव मी समितीपुढे ठेवतो. ढाल नको हे वाक्य मात्र मसुद्यातून काढावे. त्यावर माझी सही मिळणार नाही.

पैनगंगाकाठ

काढले. मसुदा रविवारी येथेच टाकतो. पांढरी शिटी यांनी मोठ्या फरकाच्या हारीचा मुद्दा मांडला आहे, त्यावर माझ्याकडे अजून चोख उपाय नाही. चार गोलांचे अंतर पडल्यास मागे असलेल्या संघाने एक खेळाडू वाढवावा, असे काही ठिकाणी करतात म्हणे. पंच म्हणून त्यांना हे चालेल का, ते त्यांनी लिहावे.

पांढरी शिटी

चालेल. पण तो सहावा खेळाडू राखीव बसलेल्यांतूनच यावा, हे नियमात स्पष्ट लिहा; नाहीतर शाळा आयत्या वेळी सातवीचा मुलगा उतरवतील.