मदत हवी आहे: गल्लीत अंधार, घरफोडी झाली, कॅमेरे लावायचेत पण मीटर कोणाचं?

सुरंगीचा_वळेसर
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल, रविवारी गल्लीची मीटिंग आहे. आमच्याकडे पोलवरचे दिवे पावसाळ्याच्या आधीपासून बंद आहेत. मे महिन्यात एक बंद घर फोडलं, आणि गेल्या आठवड्यात दुसऱ्या घराचं मागचं दार उचकटायला बघितलं, कडी पार वाकलीय, शेजारच्या काकूंनी आवाज ऐकून पडवीतला दिवा लावला म्हणून पळाले. आता सगळे म्हणतायत कॅमेरे लावू, वर्गणी द्यायला पण बरेच जण तयार आहेत, पण कनेक्शन कोणाच्या मीटरवरून घ्यायचं आणि रेकॉर्डिंगचा डबा कोणाच्या घरात ठेवायचा यावर गाडं अडलंय. कोणी असं केलं असेल तर सांगा. कोणते कॅमेरे चांगले तेही सांगा.

जांभा
गाव कोणतं? नगरपरिषद की ग्रामपंचायत? फ्लॅट आहेत की सुटी घरं? किती घरं? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

खाडीकाठ
चार मेगापिक्सेलचे आयपी कॅमेरे (नेटवर्क केबलवर चालणारे) घ्या, आयपी ६७ म्हणजे धूळ-पाणी न शिरणारे, डोळे मिटून. मी घरी लावलेत, मोबाईलवर सगळं दिसतं. आपल्याकडे खारी हवा आहे, त्यामुळे साधे ॲनालॉग घेऊ नका, त्यांचे पिनचे जोड दोन पावसात हिरवे पडतात आणि चित्र जातं. आयपीचा जोड पण उघडा सोडू नका, डबीत घालून सिलिकॉन मारायचं. आणि यूपीएस पाहिजेच, वीज गेली की कॅमेरा गेला.

सुरंगीचा_वळेसर
@जांभा गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कुठली घरं बंद असतात ते जगाला कशाला सांगायचं. रत्नागिरी जिल्हा धरा. बंगले आहेत, एन.ए. (बिगरशेती) प्लॉटवर बांधलेले, पंचवीसेक घरं, त्यातली अर्धी मुंबई-पुण्यात, गणपती आणि शिमग्यालाच उघडतात.
@खाडीकाठ धन्यवाद, पण तो यूपीएस तरी कोणाच्या मीटरवर लावू?

चाकरमानी_डोंबिवली
मी त्या बंद घरवाल्यांपैकी आहे, तुमच्या गल्लीतला नाही पण परिस्थिती तीच. आम्ही लांब राहतो म्हणजे आम्हाला काही पडलेली नाही असं गावातल्यांना वाटतं, ते खरं नाही. आमच्या आळीत मीटिंगा होतात, ठरतं, आणि आम्हाला नंतर फक्त आकडा कळवतात की इतके पाठवा. मीटिंगच्या वेळी एक व्हिडिओ कॉल लावा, जे बाहेर आहेत त्यांना बोलू द्या, पैसे तर देतीलच, वर मीटर वापरायला पण देतील. आमचं मीटर चालूच असतं, वर्षभर फक्त स्थिर आकार भरतो.

काजूबी
हल्ली बाहेरून आलेले कामगार किती वाढलेत बघा. बागांच्या राखणीला, बांधकामाला. आधी त्यांची चौकशी करा, कॅमेरे नंतर.

निवृत्त_तारतंत्री
काजूबी, असं सरसकट बोलू नये. आमच्याकडे हापूसच्या बागा वर्षानुवर्षं नेपाळी माणसं राखतायत, बायकामुलांसकट बागेत राहतात, त्यांच्या जिवावर मालक मुंबईत झोपतो. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन देता येते, ती घरमालकाने द्यावी, मग तो भाडेकरू कुठलाही असो. विषय तिथे संपला.

ताई, मुळात ते दिवे का बंद आहेत ते बघा. पोल कोणी उभे केले? मीटर कुठे आहे?

काजूबी
चौकशी करा एवढंच म्हटलं. कोणाला चोर म्हटलेलं नाही.

करवंदीची_जाळी
रान काढून घ्या सगळ्यात आधी. पावसानंतर गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून माणूसभर गवत उभं राहतं, त्यात कोणी बसलं तर दिसत नाही. आणि आमच्याकडे बिबट्या येतो तो कुत्र्यांसाठी, कुत्री येतात ती कचऱ्यासाठी. बिबट्या दिसला तर त्याच्या मागे धावू नका, विहिरीत पडला असेल तर गर्दी करू नका, वनविभागाला १९२६ वर फोन करा.

खाडीकाठ
इथे बिबट्याचं कोणी विचारलंय?

करवंदीची_जाळी
अंधार, रान आणि कचरा याच्यावरच चाललंय ना सगळं? चोराला पण तेच लागतं.

सुरंगीचा_वळेसर
रान काढायचं रविवारी घेते विषयात, बरोबर आहे ते.
@निवृत्त_तारतंत्री पोल प्लॉटिंग करणाऱ्यानेच उभे केलेत, आम्ही प्लॉट घेतले तेव्हापासून आहेत. दिव्यांसाठी आम्ही तीनदा अर्ज दिला, दर वेळी सांगतात की हे पोल आमच्या यादीत नाहीत. वीजवाले म्हणतात दिवे आमचे नाहीत. आम्ही घरपट्टी भरतो मग दिवे कोणाचे?

निवृत्त_तारतंत्री
हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, सगळी गोम इथेच आहे. लेआउटमधला अंतर्गत रस्ता आणि पोल स्थानिक संस्थेकडे हस्तांतरित झालेत का? बहुतेक नाही झालेले. प्लॉट विकून झाले की तो कागद तसाच पडून राहतो, रस्ता प्लॉटिंग करणाऱ्याच्याच नावावर राहतो आणि दिव्यांचं मीटर पण त्याच्याच नावावर. त्याने बिल भरायचं थांबवलं की वीज तोडली जाते, आणि लोक वर्षभर दिवा गेला दिवा गेला म्हणून अर्ज करत बसतात. पहिल्या पोलजवळ किंवा गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची पेटी असेल, उघडून बघा मीटर आहे की काढून नेलंय. ग्राहक क्रमांक मिळाला तर थकबाकी किती आहे ते कळेल. पेटीत हात घालू नका, नुसतं बघा.

जांभा
म्हणूनच विचारत होतो.

वशिष्ठीकाठचा
मी चिपळूणचा. कॅमेऱ्याआधी एकमेकांचे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या दारामागे लावा. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा आमच्या बिल्डिंगचा ग्रुप होता, पण नेटवर्क गेलं, चार्जिंग गेलं, ग्रुप काय कामाचा. तळमजल्यावरच्या आजींना वर कोणी आणायचं हे ज्याच्या त्याच्या डोक्यात असलं पाहिजे. आम्ही आता शिट्ट्या ठेवल्यात घरोघर. तीन वेळा वाजली की जो घरात आहे त्याने दिवा लावून गॅलरीत यायचं, एकट्याने खाली उतरायचं नाही. आणि ११२ लावायचा.

खाडीकाठ
शिट्टीने चोर पकडला जात नाही हो, कॅमेऱ्यात चेहरा मिळतो.

वशिष्ठीकाठचा
त्या काकूंनी दिवा लावला आणि चोर पळाला, वर वाचा.

निवृत्त_तारतंत्री
खाडीकाठ, अंधाऱ्या गल्लीत कॅमेऱ्याला काय मिळतं ते मी बघितलंय. गाडीचा हेडलाइट समोर आला की नंबर प्लेट पांढरी फटक. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या लाल दिव्यांजवळ कोळी येतो, काचेसमोर जाळं विणतो आणि रात्रभर पडद्यावर नुसतं जाळं हलताना दिसतं. आठवड्याला फडकं मारणारा माणूस लागतो. कॅमेरे वाईट नाहीत, पण आधी उजेड.

खाडीकाठ
रंगीत नाईट व्हिजनवाले येतात आता. पण ठीक आहे, त्यांना पण थोडा उजेड लागतोच.

मालवणी_तिखला
आमच्या वाडीत पण असाच झाला होता. एकाच्या मीटरार डबो ठेवलो, मगे त्याच्याशी भांडान झाला नि तेने वायरच काढून टाकल्यान. कोणाच्या एकट्याच्या घरात ठेवू नकात.

सुरंगीचा_वळेसर
@निवृत्त_तारतंत्री काका, पेटी बघितली. मीटर नाहीये, नुसती वायर कापून आत दुमडलीय. प्लॉटिंग करणारा फोन उचलत नाही. आता हस्तांतरण होईपर्यंत अंधारातच बसायचं का? सासूबाई संध्याकाळी देवळातून येतात त्या मोबाईलच्या उजेडात, मुली क्लासवरून साडेआठला येतात. मला उद्या परवा काय करता येईल ते सांगा.

निवृत्त_तारतंत्री
दोन कामं वेगवेगळी चालवा.

कागदाचं काम लांबणार. लेआउटचा मंजूर नकाशा काढा, रस्ता आणि मोकळी जागा कोणाच्या नावावर आहे बघा, नसेल मिळत तर माहितीच्या अधिकारात मागा. रस्ता ताब्यात घ्या असा अर्ज सगळ्या घरांच्या सहीने द्या, एकट्याच्या अर्जाला वजन नसतं. आणि प्लॉटधारकांची संस्था नोंदवा, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सात जण पुरतात, धर्मादाय कार्यालयात होतं. संस्था झाली की तिच्या नावाने मीटर मागता येतं, मग दिवे, कॅमेरे, डबा सगळं त्या मीटरवर, कोणाचे उपकार नाहीत आणि कोणाशी भांडण झालं म्हणून वायर निघत नाही. जुनी थकबाकी आड येईल, ती आधी विचारून घ्या.

उद्याचं काम म्हणजे प्रत्येकाने आपल्या गेटच्या खांबावर रस्त्याकडे तोंड करून एक ९ वॅटचा एलईडी लावायचा. बारा तास जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिट, एवढ्यासाठी कोणी नाही म्हणणार नाही. डे-नाईट सेन्सर लावा, म्हणजे बंद घरांचे पण आपोआप लागतील.

चाकरमानी_डोंबिवली
हे आवडलं. मी या महिन्यात येतोय तेव्हा आमच्या गेटवर लावून घेतो. पण ताई, दिवा रोज लागतोय का ते बघणारं कोणीतरी जवळचं हवं, आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे. आम्ही शेजारच्या वहिनींकडे देतो, निघताना पोलीस ठाण्यात पण सांगून येतो की घर बंद आहे.

काजूबी
ग्रामपंचायत असेल तर पोलीस पाटलांना मीटिंगला बोलवा. ग्राम सुरक्षा यंत्रणेत नाव घातलेलं असेल तर एका टोल फ्री नंबरवर बोललं की गावात सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम तोच आवाज जातो. आमच्याकडे वणवा लागला तेव्हा उपयोग झाला.

सुरंगीचा_वळेसर
हे माहीतच नव्हतं, हद्द ग्रामपंचायतीचीच आहे, विचारते पाटलांना. मुंबईच्या सगळ्यांना कॉलवर घेणार आहे. गेटच्या दिव्यांना आत्ताच अकरा जण हो म्हणालेत, सहीचा अर्ज पण रविवारीच फिरवते. कॅमेऱ्यांचं मीटर आल्यावर बघू. काका, तो सेन्सर कुठे बसवायचा? दिव्याशेजारीच चालेल का?

निवृत्त_तारतंत्री
नाही. दिव्याचा उजेड सेन्सरवर पडला की त्याला वाटतं दिवस उजाडला, तो दिवा विझवतो, अंधार झाला की परत लावतो, रात्रभर लागत विझत राहतो. दिव्याच्या मागच्या बाजूला, आभाळ दिसेल असा लावा, वायरी खालून आत घ्या म्हणजे पावसाचं पाणी शिरणार नाही. तीन वायरी असतात, रंग कंपनीगणिक बदलतात, खोक्यावरची आकृती बघूनच जोडा. आणि अर्थिंग तपासून घ्या, जांभ्या दगडाच्या जमिनीत ते नीट लागत नाही. वायरमन मिळत नसेल तर इथेच लिहा.