अमेरिकेची ५० राज्यं, ५० राजधान्या: लेकीकडून कशा करून घेऊ?

ट्रेंटनजवळची आई: लेक पाचवीत, न्यू जर्सीत. पुढच्या महिन्यात राज्यं-राजधान्यांची परीक्षा. रात्री घोकते, सकाळी पाटी कोरी. काल म्हणाली, न्यूयॉर्कची राजधानी न्यूयॉर्क, आणि मीही मान डोलावली! आम्ही महाराष्ट्राचे जिल्हे भरत मोठे झालो हो. काही युक्ती?

नकाशेवाला: यादी बाजूला ठेवा. कोरा नकाशा भिंतीवर लावा आणि मुलूख जसा जोडला गेला तसा रंगवा. आधी अटलांटिककाठची मूळ १३. मग १८०३, फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला घेतलेला लुइझियानाचा पट्टा, मिसिसिपीपासून रॉकी पर्वतापर्यंत. अलास्का रशियाकडून १८६७ मध्ये, ७२ लाखांना. राज्याचा दर्जा मात्र १९५९ मध्ये, हवाईलाही त्याच वर्षी. पश्चिमेकडच्या सीमा पट्टी ठेवून आखल्यासारख्या का, हे तिलाच विचारा.

शिकागोची मावशी: मेन आणि मिसूरी जोडीनेच शिकवा. १८२० ची तडजोड: गुलामीवालं मिसूरी घ्यायचं तर गुलामीमुक्त मेनही हवं, नाहीतर सिनेटमधला, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातला, दोन्ही बाजूंचा तोल जातो. मेन तोवर मॅसॅच्युसेट्सचाच तुकडा होता. वेस्ट व्हर्जिनियाही तसंच: यादवी युद्धात व्हर्जिनिया देशातून फुटून निघालं, डोंगराकडचे लोक मात्र देशाबरोबर राहिले, १८६३ मध्ये वेगळं राज्य. गोष्ट कळली की नाव विसरत नाही.

रोखठोक: गोष्टी छान, पण परीक्षेत न्यूयॉर्कची राजधानी ऑल्बनी असंच लिहायचं आहे. दिवसाला पाच कार्डं, चुकलेली परत गठ्ठ्यात. पाठांतराला इतकी नावं ठेवू नका, पाढे कसे आले आपल्याला?

नकाशेवाला: मान्य, कार्डं हवीतच. देशाची राजधानी वॉशिंग्टन डी.सी., तिचं कार्ड मात्र वेगळं करा, ते राज्यच नाही (वॉशिंग्टन नावाचं राज्य निराळं). १७९० चा सौदा: राज्यांची स्वातंत्र्ययुद्धाची कर्जं केंद्राने उचलायची, बदल्यात राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅकच्या काठी. नागपूरला हिवाळी अधिवेशन मिळालं त्याच जातीची देवाणघेवाण. तिथल्या लोकांना राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायचा हक्क मिळाला थेट १९६१ च्या घटनादुरुस्तीने.

ट्रेंटनजवळची आई: नकाशा लावला. पहिलाच प्रश्न: मिशिगन दोन तुकड्यांत का? मी गप्प.

शिकागोची मावशी: टोलेडो शहराकडच्या पट्ट्यावरून शेजारच्या ओहायोशी भांडण. पट्टा ओहायोला गेला, मिशिगनला १८३७ मध्ये राज्याच्या दर्जासोबत वरचा तुकडा मिळाला. ओसाड म्हणून नाकं मुरडली, आणि पुढे तिथेच तांबं निघालं.