टोलनाक्यावर ४५ रुपये माफ, बसला ५ रुपये जास्त: हा कुठला हिशेब?

खिडकीची_जागा (धागाकर्ती)

मुलुंड स्टेशनबाहेर बसच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी होत्या. मुठीत दहाची नोट, नोटेवर दोनाचं नाणं. साधी बस आली तर नोट द्यायची, एसी आली तर नाणंही. ३५ मिनिटांत दोन्हीतलं काहीच आलं नाही. शेवटी नाणं पाकिटात टाकून त्या चालत निघाल्या. पाच किलोमीटरच्या आतलं हे तिकीट मे २०२५ पर्यंत ५ आणि ६ रुपये होतं. महिन्याचा पास ४५० चा ८०० झाला.

आता जरा मागे चला. ऑक्टोबर २०२४, विधानसभेच्या तोंडावर मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ. गाडीवाल्याचे एका खेपेचे ४५ रुपये वाचले आणि भरपाई सरकारच्या, म्हणजे तुमच्याआमच्या खिशातून. जानेवारीत एसटी १४.९५ टक्क्यांनी महाग. फेब्रुवारीत रिक्षाचं पहिलं मीटर २३ वरून २६. मे मध्ये बेस्ट, म्हणजे मुंबईची ही बस. जूनमध्ये पुण्याची पीएमपी, तिथेही ५ चे १०. आणि ऑगस्टमध्ये अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी. वर्षभरात जो जो चारचाकीत बसला त्याला सूट मिळाली, जो जो तिकीट काढून बसला त्याला दरवाढ.

मला गाडीवाल्यांचा राग नाही, माझ्या भावाकडे दोन आहेत. पण रस्ता ही मुंबईतली सगळ्यात महाग जमीन. ती जो सगळ्यात जास्त अडवतो त्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही, आणि एका बसमध्ये पन्नास जण कोंबून जे जातात त्यांच्याकडून दुप्पट घ्यायचं, हे मला पटत नाही. नाक्यावरचे ४५ पुन्हा सुरू करा आणि ते फक्त बससाठी राखून ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

ठाण्याचा_चालक

ताई, नाक्याच्या पलीकडे राहून बघा एकदा. मी वागळे इस्टेटहून विक्रोळीला जातो. आनंदनगर नाक्यावर जाऊन-येऊन ९०, महिन्याचे २,२५०. ठाण्यात घर घेतलं ती चैन नव्हती, मुंबईत परवडलं नाही म्हणून घेतलं. म्हणजे घर स्वस्त मिळालं याचा दंड मी रोज भरत होतो, आणि घाटकोपरचा माणूस त्याच हायवेवरून तीच गाडी फुकट चालवत होता. त्याने रस्ता अडवलेला दिसला नाही का कुणाला?

दुसरं, तो टोल गर्दीसाठी नव्हताच. ५५ उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला होता. तुम्ही म्हणताय आता तोच बससाठी चालू ठेवा. म्हणजे माझ्या घराचा हप्ता फिटला की बँकेने सांगावं, थांबू नका, आता शेजाऱ्याचा भरा.

आणि नाक्यावरची ती रांग विसरलात? पिवळ्या रेषेच्या पलीकडे रांग गेली की टोल न घेता गाड्या सोडायच्या, हा नियम कागदावरच. रोज वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून आम्ही कोणतं पर्यावरण वाचवत होतो?

पोस्टमन_काका

ठाणे-विक्रोळी लोकलने वीस मिनिटं लागतात हो. गाडी कशाला?

ठाण्याचा_चालक

सकाळी पावणेनऊला ठाण्याच्या फलाटावर या, मी चहा पाजतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारातून माणसं पडली आणि गेली, तेव्हापासून घरात लोकलचं नाव काढायची सोय नाही.

आकडेमोड

धागाकर्तीच्या तळमळीबद्दल आदर आहे, निदान मात्र चुकलंय. स्वस्त तिकीट हाच उपाय असता तर बेस्ट कधीच सावरली असती. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ वरून ५ केलं. प्रवासी रोजचे ३० लाखांच्या पुढे गेले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण बस वाढल्या का? एकेकाळी चार हजारांवर असलेला ताफा आज तीन हजारांच्याही खाली आहे, आणि त्यात बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या हजारसुद्धा नाहीत. गावजेवणाचं आवतण देऊन पंगत एकच मांडायची, त्यातला हा प्रकार.

बाकीच्या बस भाडेतत्त्वावर. त्यात कंत्राटदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात. बसमध्ये दोन माणसं असोत की ऐंशी, बेस्टचं देणं तेवढंच. तिकिटाचे पैसे कमी आले की तूट पालिकेकडे जाते, पालिका मदत उशिरा देते, बिलं थकतात. काही कंत्राटदार तर परवडत नाही म्हणून मध्येच सोडून गेले. ज्या मावशींसाठी भाडं ५ ठेवलं त्यांचीच बस अशाने गायब होते.

त्यांचं दुखणं ५ की १० हे नाही, ३५ मिनिटं हे आहे. १० रुपयांत दर दहा मिनिटांनी बस आली असती तर हा धागा निघाला असता का?

खिडकीची_जागा

१० रुपये घेऊन बस दर दहा मिनिटांनी येत असती तर नसता निघाला, मान्य. पण आधी बस कमी केल्या आणि मग उरलेल्या महाग केल्या! वाण्याने आधी माप मारायचं आणि वर भाव वाढवायचा. आणि वाढ कुणावर जास्त पडली बघा. ५ किलोमीटरवाल्याचं तिकीट दुप्पट, १५ किलोमीटरवाल्याचं १५ वरून २०. जवळ जाणारे कोण असतात? स्टेशन ते घर करणारे, धुणीभांडी करणाऱ्या, शाळेची पोरं.

निवृत्त_बिल्ला

३१ वर्षं वाहक होतो, थोडं मीही बोलतो.

कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत वीजही बेस्टच देते. पूर्वी विजेच्या नफ्यातून बसची तूट भरली जायची. पेडर रोडच्या एसीने मुलुंडची बस चालायची, साध्या भाषेत सांगायचं तर. पेडर रोडवाल्याला ते कळतही नव्हतं. २००३ चा वीज कायदा आला, मग ग्राहक म्हणाले आमच्या बिलात बसचे पैसे का, आणि ती वाट अडत गेली. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. पण ती वाट बंद झाल्यावर दुसरी कुणी काढलीच नाही. भाडं ५ का १० हे भांडण त्यानंतरचं.

आकडेमोड साहेबांना एक सांगतो. बस कमी म्हणजे नुसत्या डेपोत कमी नसतात, रस्त्यावरही कमी होतात. माझ्या सुरुवातीच्या काळात एका पाळीत पाच फेऱ्या सहज व्हायच्या. शेवटी शेवटी चार होताना घाम निघायचा, कारण गाडी स्टेशन रोडच्या तोंडालाच अडकून बसायची. बस तीच, चालक-वाहकाचा पगार तोच, आणि फेरी एक कमी. ती एक फेरी कुणी खाल्ली? पुढे उभ्या असलेल्या गाड्यांनी. त्याचं बिल त्यांना कधीच जात नाही, ते बेस्टच्या तोट्यात दिसतं. म्हणून टोल आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असं माझं मत.

भाड्याच्या बसमध्ये चालक कंत्राटदाराचा आणि वाहक आमचा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या चालकांनी पगारासाठी संप केला तेव्हा आठवडाभर काय हाल झाले ते आठवत असेलच. स्वस्तात बस चालवायची म्हणजे शेवटी कुणाच्या तरी पगारातून चालवायची. (आणि १२ रुपयांच्या तिकिटाने सुट्ट्यांची जी बोंब होते ती वेगळीच.)

हिरवा_दिवा

इलेक्ट्रिकला टोलमाफी दिली त्यात वाईट काय आहे? धूर तरी नाही. आणि इलेक्ट्रिक बसनाही ती माफी आहे, हे धाग्यात सोयीस्कर गाळलंय.

खिडकीची_जागा

बसचं राहिलं, चूक कबूल. पण इलेक्ट्रिक गाडी कोंडीत उभी राहिली तर काय हवेत तरंगते? जागा तेवढीच खाते.

एडिसनकर

न्यूयॉर्कचा ताजा अनुभव. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या खाली गाडी नेली की दिवसा ९ डॉलर. आधी १५ ठरले होते. जून २०२४ मध्ये, सुरू व्हायच्या तोंडावर, गव्हर्नरबाईंनी निवडणुकीचं वर्ष बघून थांबवलं, मग ९ करून आणलं. तेव्हा राजकारणी सगळीकडचे सारखेच. आम्ही न्यू जर्सीवाले सगळ्यात जास्त ओरडलो, बोगद्याला टोल भरून वर हे! पण पैसा कुठे जाणार हे कायद्यात लिहिलंय: भुयारी रेल्वे, बस आणि उपनगरी गाड्यांच्या कामाला, त्याच्या जोरावर १५ अब्ज डॉलर उभे करायचे. लंडनने २००३ मध्ये ५ पौंडांनी सुरुवात केली, तिथेही पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन होतं. मी आता शनिवारी गाडी न्यायची सोडलीय. तत्त्व वगैरे काही नाही, ९ डॉलर जिवावर येतात.

ठाण्याचा_चालक

न्यूयॉर्कला १९०४ पासून भुयारी रेल्वे आहे साहेब, शुल्क १२० वर्षांनी आलं. आमच्याकडे आधी शुल्क भरा, रेल्वेचं नंतर बघू.

आणि लावायचंच असेल तर मुलुंडपासून का सुरुवात? कोस्टल रोड बघा. पालिकेचे सुमारे १४ हजार कोटी, टोल शून्य, बाइक आणि रिक्षाला बंदी. त्याच पालिकेची बेस्ट ५ रुपयांसाठी रडते. तिथे लावा आधी ४५. मग मी नाक्यावरचे निमूट देईन, लिहून घ्या.

खिडकीची_जागा

यावर माझा आक्षेप नाही. खरं तर हेच वर लिहायला हवं होतं.

आकडेमोड

भावनेच्या भरात एक अडचण विसरू नका. नाक्याचा टोल रस्ते विकास महामंडळाकडे, म्हणजे राज्याकडे. कोस्टल रोड आणि बेस्ट पालिकेची. राज्याने गोळा केलेला पैसा पालिकेच्या बसला 'राखीव' म्हणून देणार कोण आणि कोणत्या कायद्याने? तसं लिहिलेलं नसेल तर पहिल्याच वर्षी त्यातून एखादा उड्डाणपूल होईल. मी दरवाढीच्या बाजूने आहे तो याचसाठी. तिकिटाचा पैसा निदान बेस्टच्याच पेटीत पडतो.

निवृत्त_बिल्ला

पेटीत पडतो आणि त्याच दिवशी कंत्राटदाराच्या बिलाला जातो. पण मुद्दा बरोबर आहे.

ठाण्याचा_चालक

आणि 'बस' म्हणजे सगळे बेस्टच धरून चाललात. नाक्यावर पैसे देणार ठाणेकर, बस मिळणार मुंबईला? घोडबंदरला टीएमटीची, म्हणजे ठाण्याच्या बसची, वाट बघून बघा कधी. त्या ४५ मधले टीएमटीला किती, ते आधी सांगा.