थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर शिरेतून कोणते वेदनाशामक?

प्रश्न (खानापूर): पुढच्या आठवड्यात बेळगावात माझ्या आईची थायरॉईड ग्रंथी काढायची आहे. वय ६८, वजन ४६ किलो. पॅरासिटामॉल, केटोरोलॅक आणि ट्रामाडॉल यांच्यात फरक काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निपाणी, भूलतज्ज्ञ): बहुधा पॅरासिटामॉलने सुरुवात होते, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढत नाही. ५० किलोंपेक्षा अधिक वजनाच्या प्रौढांना दर ६ तासांनी १ ग्रॅम देतात. मात्र आपल्या आईंचे वजन त्याहून कमी असल्याने दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी सुमारे ६९० मिलिग्रॅम, हा हिशेब लागू होतो. केटोरोलॅक प्रभावी आहे, परंतु ते रक्तबिंबिकांचे (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सचे) कार्य मंदावते, आणि मानेत रक्त साचल्यास श्वासमार्गावर दाब येऊ शकतो. हा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असल्याने मी स्वतः ते सहसा टाळतो. या वयात मूत्रपिंडांचाही विचार करावा लागतो.

उत्तर (चिकोडी): माझ्या पत्नीला ट्रामाडॉलने फार उलट्या झाल्या आणि प्रत्येक उबळीला टाक्यांवर ताण येत होता. तिला कन्नड येत नसल्याने परिचारिकेला वेदना किती आहे हे सांगता येईना. आपण आईंजवळ कोणीतरी अवश्य थांबावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आई नैराश्यावरची गोळी घेते, त्याने काही अडचण येईल का?

उत्तर (निपाणी): होय, अशा काही गोळ्यांबरोबर ट्रामाडॉल घातक ठरू शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका. तिचे पाकीटच भूलतज्ज्ञांना दाखवा.